सुरुवातीचं शून्य

लातूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

अंबिका,

शरणार्थ.

फोन तुम्ही बंद केलात, म्हणजे माझ्यापुरता बंद केलात. ठेवताना म्हणालात, "जे काय हाय ते कागदावर मांडा, आणि पायऱ्या गाळू नका." हे वाक्य मी बारावीच्या पोरांना दिवसातून वीस वेळा ऐकवतो. माझ्यावर ते पहिल्यांदाच कुणी उलटवलं. राग आला, खोटं कशाला बोलू? चांगला आठ दिवस टिकला. आज क्लासला दुपारची सुट्टी, खोलीसमोरच्या लिंबाची पानं गळून राहिलीत, खाटेवर पडल्या पडल्या मी ती बघत होतो, आणि राग कधी गेला ते कळलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

पायरी पहिली. डिसेंबरात मी आणि माझी आई, अव्वा, उदगीरला तुमच्या घरी तुम्हाला बघायला आलो. तुमच्या वडिलांनी, गुंडप्पांनी, चुरमुऱ्यांच्या सुशीलाची बशी पुढं सरकवत विचारलं, "दहा वर्षानं तुमच्यापाशी काय असंल?" भुसाराचा व्यापार करणारा माणूस, त्यांनी विचारणारच. दुसऱ्या कुणी हसून वेळ मारून नेली असती. मला काय अवदसा आठवली! मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान मागितलं आणि त्याच्या पाठीवर डिफरन्शियल इक्वेशन मांडलं.

क्ष म्हणजे माझी मालमत्ता. ती कोणत्या वेगानं वाढते? जेवढी आहे तिच्या शेकडा आठ दरसाल, अधिक महिन्याची बचत, सरासरी बावीस हजार. सुरुवात नोकरी लागली तेव्हापासून, म्हणजे सोळा सालापासून, आणि त्या दिवशी क्ष बरोबर शून्य. सोडवलं तर आज पावणेपस्तीस लाख आणि आणखी दहा वर्षानं एक कोटी अठरा लाख. पाण्याचे तांबे उचलायला आलात तेव्हा तुम्ही ते पान वाकून बघितलंत आणि हळूच विचारलंत, "ह्यात जाणारं काहीच न्हाई का?" मी म्हणालो, "न्हाई." गुंडप्पांनी शेवटचा आकडा दोनदा वाचला, पानाची घडी घालून खिशात ठेवली आणि तुमच्या काकांना म्हणाले, "शून्यातून वर आलेला पोरगा हाय." मी मान खाली घातली, पण आतून टम्म फुगलो होतो.

मग त्यांनी रीतसर पासबुकाच्या आणि ठेवींच्या पावत्यांच्या झेरॉक्स मागवल्या. साडेवीस लाख निघाले. बाकीचे गुंतवलेत, असं मी सांगितलं आणि त्यांना ते पटलं. तुम्हाला पटलं नाही. किनवटला तुम्ही शिकवता त्या शाळेत बसून तुम्ही माझंच समीकरण उलटं सोडवलंत आणि फोन केलात, "सव्वाचौदा लाख कमी हायत. म्हणजे पहिल्या दिवसापासून महिन्याला नऊ हजार कुठंतरी जातात. दारू हाय, पत्ते हायत, का बाई हाय?"

नऊ वर्षं हा धडा शिकवतोय, पण अशी तपासणी मला सुचली नसती. कौतुक वाटलं आणि घाम फुटला, दोन्ही एकदमच. मी म्हणालो, "असतात खर्च." तुम्ही फोन ठेवलात.

तिन्हींपैकी काही नाही, एवढंच आज लिहितो. पुढचं लिहायला मला एका माणसाची परवानगी लागते.

सोमेश


लातूर
शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५

अंबिका,

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळी. "पायऱ्या अजून गाळलेल्या आहेत. वडिलांनी नांदेडचं बँकेतलं स्थळ पुढं आणलंय. बसव जयंतीला सुपारी फोडायचं म्हणतात." अक्षर मात्र किती सुरेख! बसव जयंती तीस एप्रिलला आहे. मी बोटांवर दिवस मोजले, मग कागदावर मोजले. तेवढेच भरले.

माझं चित्त ठिकाणावर नाही. तीन वाजताच्या बॅचला पत्रे तापतात, दीडशे पोरं पेंगत असतात आणि त्यांच्यात पहिला पेंगणारा मी. फळ्यावर वाढीचा वक्र काढतो. तो आधी जमिनीलगत रांगतो, मग हळूहळू मान वर करतो, आणि फळा संपला तरी माझा हात थांबत नाही. परवा खडू भिंतीवर गेला. पोरं हसली. मला वाटलं, ही रेघ अशीच खिडकीतून बाहेर जाईल, रेल्वेच्या रुळाबरोबर नांदेड, भोकर, करत करत किनवटला पोचेल. उदगीरला तुमच्या गच्चीवर आपल्याला बोलायला दिलेल्या त्या दहा मिनिटांत तुम्ही सांगितलं होतं ना, की मार्चमध्ये सकाळी मोहाची फुलं पडतात आणि वसतिगृहातल्या मुली ओच्यात फुलं घेऊन उशिरा वर्गात येतात, आणि तुम्ही रागवायचं विसरता. ते ऐकल्यापासून मी न बघितलेल्या त्या झाडांखाली रोज फिरून राहिलो आहे.

एक स्वप्न सारखं पडतं. दुपारचंच, खाटेवर. मी त्या वक्रावरून पायी चालत एक कोटी अठरा लाखापाशी पोचतो. तिथं एक घर असतं, दार उघडं. ओसरीवर तुम्ही वह्या तपासत बसलेल्या असता, मान वर न करता म्हणता, "आलात?" आतून भाकरी थापल्याचा आवाज येत असतो. कुणाचा ते मला माहीत असतं. मी आत जाऊन बघत नाही.

काल वर्गात सिंधु नावाची औशाची पोरगी उठली. सहसा बोलत नाही ती. म्हणाली, "सर, बचत काढून टाकली आणि सुरुवातीला क्ष शून्य असलं, तर दर कितीबी लावा, क्ष शून्यच राहील की." मी म्हणालो, शाब्बास, बरोबर. म्हणून तर बाहेरून काहीतरी आत यावं लागतं. ती म्हणाली, "मग पहिल्यांदा आणून घालतं कोण?" वर्ग हसला. मी घड्याळात बघितलं आणि दहा मिनिटं आधीच बॅच सोडली.

सोमेश


लातूर
रविवार, १६ मार्च २०२५

अंबिका,

परवानगी मिळालेली नाही. मागायला घरी, देगलूरला, गेलोच नाही, कारण ती मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी आज लिहितो. शपथ मोडून लिहितो.

माझ्या बायोडाटात एक ओळ आहे, "बहीण एक, विवाहित, बिदर." ती ओळ खोटी नाही आणि खरीही नाही. माझी थोरली बहीण रत्नम्मा, मी तिला रत्नक्का म्हणतो, गेली दहा वर्षं देगलूरला अव्वाजवळ आहे. सासरच्यांनी तिला पिशवी देऊन गाडीत बसवलं. फारकत झाली नाही, पण अठरा साली तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली. ती ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी करून विकते. त्यात घर भागत नाही. महिन्याचे नऊ हजार तिला जातात.

तुमच्याकडं यायच्या आदल्या दिवशी तिनं मला माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवायला लावला. "माघारी आलेली बहीण घरात हाय म्हटलं की सोयरीक मोडती. माझं नाव काढू नको, सोम्या." अव्वा भिंतीकडं तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी रत्नक्कानं माझा सदरा दोनदा इस्त्री केला आणि आम्ही एसटीत बसलो तेव्हा स्टँडवर आलीसुद्धा नाही, कुणी उदगीरचं बघंल म्हणून.

हे वाचून तुमचा गैरसमज फिटला असेल. माझ्यावर एक जबाबदारी आहे आणि नऊ वर्षं मी ती एक महिना न चुकता पार पाडतोय. लग्नानंतरही ती राहील. ज्याला हे चालत नाही त्यानं खुशाल दुसरं स्थळ बघावं, असं मी तुमच्या वडिलांना तोंडावर सांगायला तयार आहे.

उन्हं वाढलीत. लिंबाला मोहर आलाय, खोलीभर कडवट गोड वास असतो. तुमच्याकडची मोहाची फुलं संपली का?

सोमेश


लातूर
बुधवार, २ एप्रिल २०२५

अंबिका,

लिफाफ्यात ते कॅलेंडरचं पान बघून मी खाटेवर बसूनच राहिलो. गुंडप्पांच्या खिशातून तुम्ही कसं काढलंत देव जाणे. सुरुवातीच्या शून्याभोवती लाल शाईचा गोल आणि खाली दोन वाक्यं. "नऊ हजार समजले. पण ज्याच्यापाशी शून्य होतं, त्याचं हैदराबादचं एम.एस्सी. कशावर झालं?"

वा, बाई! कुठं बोट ठेवलंत! तुमच्या हाताखालच्या पोरींची मला कीव येते आणि त्यांचा हेवाही वाटतो.

तेरा साली मला हैदराबादला प्रवेश मिळाला. फी आणि राहणं धरून लाखभर लागणार होते. बाप नाही, अव्वाच्या बांगड्यांच्या दुकानात आठवड्याला बाराशेची उलाढाल. पंचमीला रत्नक्का माहेरी आली होती. झोका बांधला होता, ती खेळायला गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी सराफाकडं जाऊन तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या, पैसे माझ्या पिशवीत घातले आणि येताना गिलिटाच्या तशाच पाटल्या चढवून आली. म्हणाली, "तुझी नोकरी लागेपर्यंत कुणाला कळंल? मग करून दे." मी मान हलवून म्हणालो, "हाव." एवढाच आमचा करार.

चौदा महिने निभावलं. मग एका लग्नात तिच्या मनगटावरचा हिरवा डाग सासूनं बघितला. "पाटल्या घेऊन ये, मग ये," असं सांगून गाडीत बसवलं ते तेव्हा.

इथपर्यंत लिहिलं तरी मी चांगलाच दिसतो. म्हणून पुढची पायरी.

सोळा सालच्या डिसेंबरात माझ्या खात्यात दीड लाख होते. पाटल्या तेव्हा एक लाख दहा हजारात झाल्या असत्या. नवऱ्यानं दुसरी बायको आणायला अजून दोन वर्षं होती. मी काय केलं असेल? मी समीकरण मांडलं. आज एक लाख दहा हजार काढले तर पंचवीस सालापर्यंत दोन लाख नऊ हजारांचा फटका. त्यापेक्षा मुद्दल वाढू द्यावं, रत्नक्काला महिन्याचे नऊ हजार देतोय तसे देत राहावेत, आणि पाटल्या पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी परत मांडलं. उत्तर तेच आलं. त्याच्या पुढच्या वर्षी नवऱ्यानं दुसरी आणल्याची बातमी आली आणि मला, देवाशपथ, पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. आता पाटल्या कशाला?

आणि ते गणितही चुकलं. माझे एक लाख दहा हजार दुपटीलाही पोचले नाहीत, सोनं तिपटीला गेलं. माझ्यासारख्या मास्तराला पोरांनी काय म्हणावं?

ती सासरी परत गेली असती का, सुखी झाली असती का, मला माहीत नाही. पण ठरवायला तिच्या हातात दोन वर्षं होती आणि ती मी वाढीला लावली. शून्यातून वर आलेला पोरगा! लाज वाटते, अंबिका. लई लाज वाटते.

आता नांदेडचं स्थळ घ्या. माझी तक्रार नाही. पण पान परत आलंय तर ते आधी ज्याचं त्याला दाखवून येतो.

सोमेश


देगलूर
रविवार, १३ एप्रिल २०२५

अंबिका,

काल दुपारच्या एसटीनं आलो. उदगीर स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबली. तुमची गल्ली तिथून चालत दहा मिनिटं. मी खिडकीशी बसून राहिलो आणि डोळा लागला. स्वप्नात तेच घर, तेच उघडं दार. या खेपेला ओसरी रिकामी होती. भाकरी थापल्याचा आवाज मात्र चालूच होता.

तो आवाज घरी पोचलो तरी चालूच. रत्नक्का चुलीपुढं होती, बाजूला कडक भाकऱ्यांची चवड. मी पान तिच्यासमोर पसरलं आणि म्हणालो, "अक्का, मी शपथ मोडली. त्या बाईंना सगळं लिहिलं." तिनं उलथणं उचललं, मला वाटलं मारते आता. मारलं नाही. "मोडली का सोयरीक?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "मोडंल." "मग? बोंबलून सांगत होते न्हवं मी!" आणि भाकर उलटली.

मग ती म्हणाली, "हे काय हाय कागदावर?" अंबिका, सातवी शिकलेल्या माझ्या बहिणीला मी आयुष्यात पहिल्यांदा डिफरन्शियल इक्वेशन शिकवलं. एवढं मन लावून दीडशे पोरांनाही शिकवलं नसेल. जेवढं आहे त्याच्या मानानं वाढतं, हे तिला चटकन कळलं. "दह्याला विरजण लागतं, तसं," म्हणाली. मग पान आपल्याकडं वळवून विचारलं, "ह्याच्यात मी कुठं हाय?"

पान परत आल्यावर खाली पेन्सिलीनं लिहून ठेवलेले वजा नऊ हजार मी दाखवले.

"वजा? मी वजा हाय व्हय रं?"

तिचं पिठाचं बोट लाल गोलावर गेलं. "आन् हे शून्य कशाचं?"

"सुरुवातीला माझ्यापाशी काही नव्हतं, त्याचं."

तिनं तवा खाली उतरवला. अव्वा माजघरातून उठून दारात आली. रत्नक्का माझ्याकडं बघत राहिली. तिला राग आला नव्हता, अंबिका, खरोखरच ती कोड्यात पडली होती. हिशोबात चूक सापडली की दुकानदार बघतो तशी ती बघत होती. म्हणाली, "शून्य कसं? साडेतीन तोळे होते की."

मी रडलो. बत्तीस वर्षांचा घोडा, चुलीपुढं बसून ओक्साबोक्शी रडलो. अव्वाही रडली. रत्नक्का तेवढी रडली नाही. "गप ऊठ, भाकरी करपून राहिल्यात," म्हणाली, आणि मी उठून तोंड धुवून आलो तोवर तिनं पेन्सिल घेऊन शून्य खोडलं होतं. बाजूला आपल्या अक्षरात लिहिलं होतं, "साडेतीन तोळे. रत्नम्मा." मग पिठाच्या हातानंच पानाची घडी घातली. "हे त्या पोरीला मी टाकणार. पत्ता दे."

मी सासरचा विषय काढला. सोळा साली मी पाटल्या केल्या असत्या तर, असं विचारलं. तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. म्हणाली, "गेले असते का न्हाई, आता मला सांगता येत न्हाई. पण तू इचारायला पायजे होतं."

तिचं पत्र आणि हे पत्र एकाच डब्यात पडतील. आधी तिचं उघडा.

सोमेश


देगलूर
शुक्रवार, २५ एप्रिल २०२५

अंबिका,

क्लासला सुट्टी टाकून अजून इथंच आहे. परवा सकाळी रत्नक्काचा फोन वाजला. ती बोलत बोलत माजघरात गेली आणि दार लावून घेतलं. तासभर! मी आणि अव्वा बाहेर एकमेकांच्या तोंडाकडं बघत. मधेच हसायचा आवाज आला. अव्वा म्हणाली, "ही अशी हसलेली मी दहा वर्षांत ऐकली न्हाई." बाहेर आल्यावर मी विचारलं, कोण होतं? "हाय एक मास्तरीण. तुझा नंबर अजून बंदच ठेवलाय म्हणती."

मग तिनं तुमचा निरोप सांगितला. बसव जयंतीला तुम्ही आणि गुंडप्पा देगलूरला येणार. नांदेडच्या पाहुण्यांना तुम्हीच नाही म्हणून कळवलंत. गुंडप्पा दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी रत्नक्काच्या कडक भाकरीचा भाव विचारला. आणि तुमची एक अट. "सुपारी मग. आधी ताईंच्या हातात पाटल्या. साडेतीन तोळे, आजच्या भावानं."

मी काल पासबुक काढलं. घडणावळ धरून साडेतीन लाख जातात. आलेख काढून बघितला. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती रेघ सरळ खाली उतरली. इतकी छान दिसली की मी ती दुपारभर बघत बसलो. त्यानंतर झोपलो आणि ते घर परत आलं. मी ओसरी ओलांडून आत गेलो. चुलीपुढं ती बसली होती. म्हणाली, "किती येळ लावलास." एवढंच.

आज सराफाकडं गेलो. त्यांनी नमुने काढले, एक मी पसंत केला. मग त्यांनी विचारलं, "मनगटाचं माप?" आणि मी तसाच दुकानातून उठलो. नऊ हजार गुणिले महिने मला तोंडपाठ आहेत. हे एक माप मला माहीत नाही. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, "मला न्हाई पायजे पाटल्या-बिटल्या," आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

मला ती सांगणार नाही, तुम्हाला सांगेल. विचारून कळवा. आज शुक्रवार आहे, बसव जयंती बुधवारी, सराफाला तीन दिवस हवेत. पत्रानं उत्तर पोचणार नाही. हे पत्र मी वाट वाकडी करून किनवटच्या गाडीतल्या कंडक्टरच्या हाती देतोय. माप सांगायला तरी माझा नंबर उघडा.

सोमेश